मास्तरांच्या नावावरचा क्लेम

विम्याचं पाकीट आलं तेव्हा मास्तर वर्गात होते. घरामागच्या खोलीत त्यांची मोटार शिकवायची शाळा होती. भिंतीला फळा, दोन बाकं, स्टुलावर ठोकून बसवलेलं एक जुनं स्टेअरिंग आणि मधोमध पत्र्याचा मोठा ट्रे. ट्रेवर रंगाने रस्ते काढलेले, आणि रस्त्यांवर खेळण्यातल्या गाड्या. पाच विद्यार्थी ट्रेभोवती वाकून चौकात आधी कोणी जायचं ते शिकत होते. पाकीट म्हणजे घटकाभराचं काम, असं समजून मास्तरांनी ते तिथेच फोडलं. घरच्या गाडीच्या विम्याचं नूतनीकरण होतं. त्यांनी आकडा वाचला आणि त्यांचा हात ट्रेवर आपटला. एक लाल मोटार आणि एक पाण्याचा टँकर बाकाखाली गेले.

"अपघात झाला, मास्तर," एक विद्यार्थिनी म्हणाली.

बाकीचे हसले. मास्तरांना हसू येण्यासारखं काही दिसलं नाही. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा चढवला आणि आकडा पुन्हा वाचला. चष्मा पुसून आकडे कमी होत असते तर काय हवं होतं! प्रीमियम गेल्या वर्षीच्या जवळजवळ दुप्पट झाला होता.

"अगं!" त्यांनी हाक मारली. वर्ग आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये नुसता प्लायवूडचा पडदा होता. तिकडे भांडं ठेवलं की इकडे ऐकू यायचं, आणि इकडे खोकलं की तिकडे. काकू ओले हात पदराला पुसत दारात आल्या. विद्यार्थी त्यांना काकू म्हणायचे, म्हणून सगळी गल्लीच त्यांना काकू म्हणायची.

"हे बघ. मला लुटायला निघालेत."

काकूंनी कागद बघितला. बराच वेळ बघितला. मग म्हणाल्या, "सगळ्यांचेच वाढलेत म्हणे यंदा."

"सगळ्यांचे वाढू देत की! सगळे ठोकतात. मी कधी ठोकलंय?"

हा प्रश्न मास्तर विचारायला मोकळे होते. त्यांच्या फाटकावर पाटी होती: 'एकतीस वर्षे. एकही अपघात नाही.' दरवर्षी ते स्वतः ब्रश घेऊन आकडा बदलायचे आणि त्या दिवशी जरा ताठ चालायचे. कोपऱ्यावर चष्मेवाला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एकाने पाचेक वर्षांपूर्वी मोटार शिकवायची दुसरी शाळा काढली होती. तिथे गारेगार वर्ग होता, पडद्यावर चालणारी मोटार होती आणि फीसुद्धा कमी होती. तरी लोक मास्तरांकडे यायचे ते त्या पाटीसाठी. पाटी गेली तर मास्तरांकडे शिकायला यायचं काही कारण उरलं नसतं, आणि हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं.

त्यांनी लगेच एजंटला फोन लावला.

"वाढलेत मास्तर, सगळीकडेच," एजंट म्हणाला. त्याचा आवाज सकाळपासून हेच बोलून बोलून बसलेला होता. "सुटे भाग महागले, मजुरी वाढली. आता तर बंपरमध्येसुद्धा कॅमेरे असतात."

"माझ्या बंपरमध्ये कॅमेरा नाही."

"तुमच्या नसेल. पण तुम्ही ज्याला ठोकाल त्याच्या असेल ना."

"मी कशाला कोणाला ठोकीन?" मास्तर इतक्या जोरात ओरडले की रस्त्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं.

"मग दुसरीकडे चौकशी करा," एजंट म्हणाला. "स्वस्त मिळाला तर आनंद आहे." त्याने फोन ठेवला. माणसाची एकतीस वर्षांची तपश्चर्या त्याने अशी बोटाने उडवून लावली.

मास्तरांनी चंग बांधला. आता स्वस्तातला विमा शोधायचा, तोही असा की एजंटला तोंड दाखवायला जागा राहता कामा नये.

"राहू दे ना," काकू म्हणाल्या. "भरून टाकू या. उगाच कशाला दहा ठिकाणी हिंडायचं?"

मास्तरांनी चमकून बघितलं. ही बाई दोन टोमॅटो कमी भरले म्हणून भाजीवाल्याला अख्खा तराजू पुन्हा लावायला लावायची, आणि ती म्हणते भरून टाकू! बरं नसेल तिला, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

जेवण झाल्यावर दोघं मोबाईल घेऊन बसली. वेगवेगळ्या कंपन्यांचे भाव एका ठिकाणी दाखवणारं काहीतरी होतं, ते काकूंना उघडता येत होतं. काकू प्रश्न वाचायच्या आणि मास्तर पंख्याकडे बघत उत्तर द्यायचे.

"गाडी वर्षाला किती किलोमीटर चालते?"

"चार हजार."

काकूंचं बोट थांबलं. "सहा लिहू?"

"चार म्हणतोय ना मी! गाडी माझी आहे की तुझी?"

काकूंनी चार लिहिलं. "मालकाशिवाय आणखी कोणी गाडी चालवतं का?"

"कोण चालवणार? मांजर?"

"गेल्या तीन वर्षांत काही क्लेम?"

"शून्य! मोठ्ठं लिही शून्य."

काकूंनी शून्य लिहिलं. जरा वेळ पडद्यावर एक गोल फिरला आणि मग भाव आला. मास्तरांनी मांडीवर थाप मारली. भाव गेल्या वर्षीपेक्षाही कमी होता. "बघितलंस? त्या एजंटला आत्ताच्या आत्ता..." पण गोल पुन्हा फिरायला लागला. 'आपली माहिती पडताळत आहोत' असं आलं. तो फिरायचा थांबला तेव्हा भाव उडी मारून वर गेलेला होता, आणि खाली लाल अक्षरांत लिहिलेलं होतं: एक क्लेम आढळला.

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं.

"कोणाचा क्लेम?"

"तुमच्या गाडीचा, असं म्हणतंय," काकू हळूच म्हणाल्या. "अहो, मला जरा बोलायचंय तुमच्याशी."

"बोलायचं काय त्यात! यंत्र आहे ते, चुकलंय. माणसं चुकतात तिथे यंत्राचं काय घेऊन बसलीस? उद्या मी स्वतः जातो." असं म्हणून ते उठले आणि अंथरुणावर जाऊन छताकडे बघत पडले. काकू मोबाईल हातात धरून बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मास्तर पायीच निघाले. पहिल्या कंपनीत टाय लावलेल्या एका पोराने त्यांना गार पाणी दिलं, हसून बसवून घेतलं, गाडीचा नंबर टाकला आणि त्याचं हसू मावळलं. "सर, इथे एक क्लेम दिसतोय. थर्ड पार्टी. रक्कम पण बरीच आहे." मास्तरांनी सांगितलं की हे अशक्य आहे. पोराने पडदा त्यांच्याकडे वळवला. गाडीचा नंबर त्यांचा होता, नाव त्यांचं होतं, तारीख गेल्या वर्षीची. कोणत्या तरी रोपवाटिकेचं नुकसान. मास्तरांनी उभ्या आयुष्यात रोपवाटिकेत पाऊल ठेवलेलं नव्हतं.

दुसरीकडे तर आणखीच वाईट झालं. तिथे टेबलाशी बसलेली मुलगी त्यांचीच जुनी विद्यार्थिनी निघाली. गाडी मागे घेण्यात दोनदा नापास झालेली. तिने नंबर टाकला, पडदा वाचला, मान वर केली, आणि तिच्या डोळ्यांत त्यांना चक्क दया दिसली.

"मास्तर, तुम्ही पण?" ती कुजबुजली. "काळजी करू नका, मी कोणाला नाही सांगणार."

मास्तर बाहेर आले तेव्हा त्यांना घाम फुटला होता. कोणीतरी त्यांच्या गाडीचा नंबर वापरून आपलं नुकसान त्यांच्या माथी मारलं होतं, यात त्यांना आता तिळमात्र शंका राहिली नाही. आधी त्यांना चष्मेवाल्याचा संशय आला. मग एजंटचा आला. घरी पोचेपर्यंत त्यांना सगळ्या जगाचाच संशय यायला लागला होता.

"विमा कंपनीला तक्रार लिहायला घे," ते काकूंना म्हणाले.

शाळेचा सगळा पत्रव्यवहार काकूंच्या हातचा असायचा. मास्तरांचं अक्षर असं, की एकदा त्यांनी लिहिलेली यादी दुकानदाराने उलटी धरून वाचली होती आणि तरी सामान तितकंच बरोबर आलं होतं. काकूंचं अक्षर मात्र गोल, टपोरं, ओळ न सोडणारं. त्या कागद घेऊन बसल्या आणि मास्तर येरझाऱ्या घालत सांगायला लागले. सदर गाडी माझी आहे. सदर दिवशी मी परीक्षेच्या मैदानावर विद्यार्थ्यांबरोबर दिवसभर होतो, त्याला साक्षीदार आहेत. सदर दावा पूर्णपणे खोटा आहे. तो माझ्या नावावरून काढावा आणि ज्याने हे केलं त्याच्यावर कारवाई व्हावी.

"कारवाई?" काकूंनी विचारलं.

"तर काय आरती ओवाळायची? लिही. माझी गाडी नेण्याची परवानगी मी कधीही कोणालाही दिलेली नाही."

काकूंनी पेन टेकवलं, पण चालवलं नाही.

"हे नाही लिहिणार मी," त्या म्हणाल्या.

"का?"

"अहो, तुम्ही आधी बसा. माझं ऐकून घ्या."

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. दुपारची विद्यार्थिनी येऊन गाडीत बसली होती, आणि इतक्या दिवसांत आज पहिल्यांदा तिला हॉर्न सापडला होता. मास्तरांनी कागद ओढून घेतला, शेवटची ओळ उभ्याउभ्याच आपल्या अक्षरात खरडली, सही ठोकली आणि जाताजाता तो पाकिटात घालून पोस्टात टाकला. काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी दोनदा तोंड उघडलं, पण गाडी गचके खात निघून गेली.

त्यानंतर आठ दिवस मास्तर घरात कमी आणि आपल्या रागात जास्त राहिले. काकूंनी विषय काढला की ते म्हणायचे, "त्या विम्याचं नाव काढू नकोस, डोकं फिरतं माझं." आठव्या दिवशी कंपनीचा फोन आला. मूळ कागदपत्रं समोर ठेवतो, म्हणाले, येऊन बघा.

"मी पण येते," काकू म्हणाल्या.

"तू कशाला?"

"यायचंय मला."

कंपनीच्या कचेरीत एकमेकींना जोडलेल्या लोखंडी खुर्च्या होत्या, टोकनाचं यंत्र होतं आणि कोपऱ्यात धूळ खाणारं प्लास्टिकचं झाड. क्लेमच्या टेबलामागे पन्नाशीच्या अधिकारी बाई बसल्या होत्या. रोज खोटं ऐकून ऐकून त्यांच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य कधीच संपून गेलेलं दिसत होतं. मास्तर समोरच्या खुर्चीवर बसले. खुर्ची एकच होती. काकू मागे भिंतीशी बसल्या.

"तुमची तक्रार आली," बाई म्हणाल्या. "गंभीर आहे. म्हणून फाईल पुन्हा उघडली. हा चालकाचा जबाब आहे, अपघाताच्या दिवशीचा. आणि ही तुमची तक्रार." त्यांनी दोन कागद शेजारीशेजारी ठेवले. "मला आधी एक सांगा. हे दोन्ही कागद एकाच हातचे कसे?"

मास्तरांनी बघितलं. डावीकडे गोल, टपोरं अक्षर. उजवीकडे गोल, टपोरं अक्षर. उजवीकडच्या कागदावर तळाला तेवढी एक ओळ कोंबडीने पाय ओढत नेल्यासारखी.

त्यांनी डावीकडचा कागद उचलला. 'गाडी मागे घेताना मी तिन्ही आरशांत पाहिलं, पण मान वळवून पाहिलं नाही. रोपवाटिकेच्या फाटकाचा खांब आरशात दिसत नव्हता. धक्का बसून खांब शेजारच्या काचघरावर पडला. अकरा काचा फुटल्या. आतल्या कुंड्यांचंही नुकसान झालं. चूक माझी आहे. दुपारची वेळ असल्याने आसपास कोणी नव्हतं. मी इंजिन बंद केलं, हँडब्रेक लावला आणि मालक येईपर्यंत जागची हलले नाही. पाऊण तास लागला.'

मास्तरांच्या पायाखालची जमीन सरकली. हे शब्द त्यांचेच होते. नववा धडा. कोणी बघितलेलं नसलं तरी इंजिन बंद, हँडब्रेक, आणि माणूस येईपर्यंत जागचं हलायचं नाही. प्रत्येक तुकडीला ते हा धडा टेबल बडवून शिकवायचे, आणि त्यातला एकही विद्यार्थी तो पाळत असेल असं त्यांना मनातून कधी वाटलं नव्हतं.

जबाबाला चालकाच्या लायसन्सची प्रत टाचलेली होती. फोटोतली बाई कॅमेऱ्याकडे अशी बघत होती, जणू त्याच्याकडून काहीतरी परत घ्यायचं होतं.

"ही... ही माझी बायको आहे," मास्तर म्हणाले.

"म्हणजे ओळखता तर," अधिकारी बाई म्हणाल्या.

मास्तरांनी मान वळवली. काकू उठून टेबलापाशी आल्या होत्या. त्यांनी पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. त्या घाबरल्या होत्या, पण त्यांची नजर सरळ होती.

"तुला गाडी येते?"

"चार वर्षं झाली."

"शिकवली कोणी?"

"चष्मेवाल्यांनी."

अकरा काचा आणि कुंड्या मास्तर एक वेळ पचवू शकले असते. हे ऐकून मात्र त्यांची बोबडीच वळली. "च... चष्मे..." एवढंच त्यांना जमलं.

"फक्त हात बसवायला गेले हो," काकू घाईने म्हणाल्या. "बाकी सगळं येतच होतं मला. इतकी वर्षं पडद्यापलीकडून ऐकतेय. त्यांनी एकदा चौकाचा नियम चुकीचा सांगितला, तर मीच दुरुस्त केला."

अधिकारी बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच वर्षांनी काहीतरी हललं असावं.

"पण मला कळलं कसं नाही?" मास्तर म्हणाले. हा प्रश्न त्यांनी कोणाला विचारला ते त्यांनाही कळलं नसेल. गाडीत बसल्याबरोबर खुर्ची बोटभर सरकलेली त्यांना समजायची. आरसा केसभर फिरलेला समजायचा.

"खुर्ची चार खाचा पुढे घ्यायची, उतरताना चार खाचा मागे," काकू म्हणाल्या. "तुमच्या आरशाला मी हात लावत नाही. माझा चिकटवायचा वेगळा आहे." त्यांनी पर्स उघडून हातभर सामानाखालून एक छोटा आरसा काढून दाखवला. "त्या दिवशी बंपरचा पोचा तुम्ही यायच्या आत काढून घेतला, आणि कंपनीची पत्रं माझ्याच हाती पडली. पेट्रोलही भरून ठेवते मी. जरा जास्तच भरते, शंका नको म्हणून."

म्हणजे ज्या ॲव्हरेजच्या गोष्टी मास्तर प्रत्येक तुकडीला रंगवून सांगायचे, पाय कसा हलका ठेवावा हे माझ्या गाडीकडून शिका म्हणायचे, ते ॲव्हरेज पर्समधून येत होतं! मास्तरांना आता कशाकशाचा धक्का घ्यायचा ते समजेना.

"जातेस कुठे पण? कोणाला बरं नसतं का? कोणाला कुठे पोचवतेस?"

"कोणाला नाही. तुम्ही परीक्षेच्या मैदानावर असता त्या दिवशी तलावापर्यंत जाते. डबा खाते. परत येते."

"एकटी?"

"एकटीच."

"कशासाठी?"

"बरं वाटतं," त्या म्हणाल्या.

अधिकारी बाईंनी घड्याळाकडे बघितलं. मागे टोकन हातात धरून एक माणूस येऊन उभा राहिला होता आणि कान टवकारून सगळं ऐकत होता.

"घरातलं घरी बोला," बाई म्हणाल्या. "माझ्यापुरतं साधं आहे. मालकाच्या परवानगीने गाडी नेली असेल तर क्लेम खरा. तो तुमच्या रेकॉर्डवर राहणार, नो क्लेम बोनस गेला तो गेला, आणि पुढची काही वर्षं तुम्ही कुठल्याही कंपनीत जा, भाव चढाच मिळणार. परवानगी नसेल तर पॉलिसी लागू होत नाही. मग तुमचं रेकॉर्ड स्वच्छ करून मिळेल. पण भरपाईची सगळी रक्कम आम्ही यांच्याकडून वसूल करणार. आणि यांनी जबाबात खोटं लिहिलं म्हणून पोलिसांत कळवावं लागेल."

"खोटं काय लिहिलंय तिने?" मास्तर म्हणाले.

"परवानगी होती, असं लिहिलंय. आणि तुम्ही लिहिता की कधीही कोणालाही दिली नाही. दोघांपैकी एकजण खोटं बोलतोय."

मास्तरांच्या डोळ्यांसमोर फाटकावरची पाटी आली. मग पोलीस चौकीतल्या बाकावर पर्स पोटाशी धरून बसलेल्या काकू आल्या. होय म्हणून टाकावं, असं त्यांच्या मनात आलं. पण कागदावर खोटं लिहायचं नाही, हेही त्यांनीच एकतीस वर्षं टेबल बडवून शिकवलं होतं, आणि परवानगी दिल्याचं त्यांना खरोखर आठवत नव्हतं. काकूंचा त्यांना क्षणभर रागच आला. पाऊण तास जागची न हलणारी बाई त्या एका रकान्यात खोटं कशी लिहिते?

"आणि त्यांनी तारीखही घातलीय," अधिकारी बाई कागदावर बोट ठेवत म्हणाल्या. "परवानगी कधी दिली, या रकान्यात. तेरा वर्षांपूर्वीची. ही तर गाडी खरेदीची तारीख आहे, म्हणून चुकून पडली असेल असं आम्ही धरलं. चूक आहे का ही?"

"नाही," काकू म्हणाल्या. "बरोबर आहे. त्याच दिवशी संध्याकाळी दिली यांनी."

"तोंडी की लेखी?"

"तोंडी. घरात अकरा माणसं होती. नवी गाडी बघायला आली होती."

"मला आठवत नाही," मास्तर म्हणाले.

"तुम्हाला नाही आठवणार," काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच मास्तरांना ते जास्त लागलं. "त्याच्या आधीच्या रविवारी तुम्ही मला शाळेची गाडी शिकवायला नेलं होतं. मी पाण्याचं पिंप पाडलं. तासाभरात तुम्ही मला घरी आणून सोडलं. मग त्या संध्याकाळी तुमच्या आत्याबाई म्हणाल्या, आता सूनबाई पण चालवेल की गाडी. तेव्हा तुम्ही बोललात. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते."

मास्तरांना ट्रे आठवला. मग भरलेली खोली आठवली, दाराबाहेर चकाकणारी गाडी आठवली, आणि सगळ्या माना आपल्याकडे वळल्यावर वाटलेली गंमत आठवली. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"शब्द काय होते?" अधिकारी बाईंनी विचारलं. त्यांनी पेन उचललं होतं, आणि त्या काकूंकडे नाही, मास्तरांकडे बघत होत्या. "तोंडी परवानगी असेल तर मालकाच्या तोंडचे शब्द लिहावे लागतात."

टोकनवाला माणूस एक पाऊल पुढे सरकला.

"मी म्हटलं," मास्तर म्हणाले. "मी म्हटलं, हिला? हिला ज्या दिवशी लायसन्स मिळेल ना, त्या दिवसापासून ही गाडी हिचीच समजा. मला विचारायलासुद्धा येऊ नको म्हणावं. किल्ली उचल आणि खुशाल कुठे जायचं तिथे जा. पण आधी एखाद्या आंधळ्या परीक्षकाचा पत्ता काढून ठेव."

टोकनवाला माणूस फिस्सकन हसला.

मास्तरांनी वळून त्याच्याकडे बघितलं. त्या माणसाची चूक नव्हती. बोलणं हसण्यासारखंच होतं, सगळे हसले होते, ट्रे हातात धरून काकूसुद्धा हसल्या होत्या. पण आज ते हसू मास्तरांना तोंडावर बसल्यासारखं लागलं. तेरा वर्षं हिने हे कुठे ठेवलं असेल? आणि त्यातला अपमान बाजूला काढून, परवानगी तेवढी वेगळी करून, तारखेसकट जपली कशी असेल?

अधिकारी बाईंनी शब्द न शब्द लिहून घेतला. परीक्षकाचं वाक्य लिहावं की नाही, म्हणून जरा थांबल्या, आणि तेही लिहिलं.

"लायसन्स मिळाल्यावर गाडी नेली. म्हणजे अट पूर्ण झाली," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "ही परवानगी नंतर कधी मागे घेतली होती?"

"नाही," मास्तर म्हणाले.

"मग तक्रारीतल्या या शेवटच्या ओळीचं काय करायचं? बाकीचं तुम्हाला माहीत नव्हतं, ते मी समजू शकते. पण ही ओळ आणि हा जबाब, दोन्ही खरं असू शकत नाही. आणि एक लक्षात घ्या. ही ओळ खोडलीत की क्लेम कायमचा तुमच्या नावावर. मग परत येऊन भांडायचं नाही."

काकू म्हणाल्या, "अहो, पाटीचा विचार करा. मी भरेन थोडं थोडं करून."

मास्तरांनी टेबलावरचं पेन घेतलं. रेघ वाकडी गेली, पण ओळ पुरती खोडली गेली.

"ही ओळ तिने लिहायला नकार दिला होता," ते अधिकारी बाईंना म्हणाले. "माझ्या हातची आहे ती. खोटी आहे."